मिश्र कॉलनी: वेगवेगळे पक्षी एकाच जाळीत ठेवण्याआधी

आमच्या परसातल्या कॉलनीत, म्हणजे पक्ष्यांच्या मोठ्या जाळीघरात, डायमंड डव्हची (एक छोटा परदेशी होला) मादी अंड्यांवर बसली होती. झेब्रा फिंचचा (मुनियेसारखा इवलासा पक्षी) नर चोचीत काथ्याचा धागा घेऊन आला आणि तिच्या पाठीवर ठेवून गेला. परत आला, दुसरा ठेवला. दुपारपर्यंत तिच्या अंगावर अर्धं घरटं रचून झालं होतं आणि ती बिचारी डोळे मिटून तशीच बसलेली. तिसऱ्या दिवशी उठली ती परत बसलीच नाही. दोन्ही अंडी गार पडली. कोणी कोणाला चोचही लावली नव्हती. आडोशाचा कोपरा एकच होता आणि तो दोघांना हवा होता.

मिश्र कॉलनी करू पाहणारे पहिला प्रश्न विचारतात, "कोणत्या पक्ष्यांचं एकमेकांशी पटतं?" मी त्यांना विचारते, "पटलं नाही तर लांब जाऊन बसायला जागा आहे का?" रानात पटेनासं झालं की पक्षी उडून जातो. जाळीत ती सोय आपल्यालाच करून द्यावी लागते. पुढचं सगळं त्या सोयीसाठीच आहे, आणि मी ज्या क्रमाने लिहिते आहे त्याच क्रमाने करा. बहुतेक जण आधी पक्षी आणतात, मग जाळी मारतात. तिथेच घोटाळा होतो.

पहिली पायरी: कोणते पक्षी पाळता येतात ते बघा

आपले देशी पक्षी पाळणं गुन्हा आहे. हिरवा पोपट, मैना, लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया, हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. बाजारात कोणी मुनियांना हिरवा-पिवळा रंग लावून 'परदेशी फिंच' म्हणून गळ्यात मारू पाहील. पिसं बोटांनी हलकेच बाजूला करून मुळाशी रंग बघा. शंका आली तर घेऊ नका. "दया म्हणून सोडवून आणले" असं म्हणत घेतले तरी त्या जागी आणखी पकडून आणले जातात.

परदेशी पक्ष्यांतही दोन भाग आहेत. बजी (छोटा परदेशी पोपट), कॉकटेल (कॉकटिएल, तुरेवाला पोपट), झेब्रा फिंच, डायमंड डव्ह आणि पीच-फेस्ड लव्हबर्ड हे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातल्या याद्यांत नाहीत. जावा स्पॅरो आणि फिशर लव्हबर्ड मात्र आहेत. यादीतला पक्षी घरी असेल तर 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. विक्रेता "काही लागत नाही हो" म्हणाला तरी पावती मागा आणि जपून ठेवा.

दुसरी पायरी: जोडीदार निवडा

इथे जरा सावकाश जाऊ, कारण पुढचं बरंचसं यावरच ठरतं.

पक्षी निवडताना तीन गोष्टी बघायच्या: चोच काय करू शकते, पक्षी कोणत्या उंचीवर वावरतो, आणि वजन किती. झेब्रा फिंचचं वजन साधारण 12 ग्रॅम. बजी 30 ते 40 ग्रॅम, कॉकटेल 80 ते 100 ग्रॅम. बजी दिसायला गरीब वाटतो, पण ती पोपटाची आकडी चोच आहे. फिंच शेजारच्या दांडीवर बसला की बजी नुसत्या कुतूहलाने त्याचा पाय चोचीत धरून बघतो. फिंचचा पाय काडेपेटीतल्या काडीपेक्षाही बारीक असतो. बजीच्या मनात काही नसलं तरी पाय मोडतो.

नवख्यांसाठी माझा सल्ला एकच आहे: पहिली कॉलनी फिंच आणि डायमंड डव्हची करा. झेब्रा किंवा बंगाली फिंचच्या तीन-चार जोड्या आणि डव्हची एक जोडी. फिंच वरच्या आणि मधल्या थरात राहतात, डव्ह दिवसातला बराच वेळ जमिनीवर दाणे टिपत फिरतो. डव्हची चोच मऊ, त्याच्याने कोणाला इजा होत नाही. डव्हची दुसरी जोडी मात्र त्याच जाळीत नको, दोन नर पंखांनी एकमेकांना बडवतात.

बंगाली फिंच मला फार आवडतो. हा पक्षी रानात कुठेच सापडत नाही. पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून माणसाने पिढ्यान्पिढ्या पाळून तो घडवला आहे आणि ती मूळ मुनिया आपल्या सह्याद्रीत आजही थव्याने दिसते. बंगाली इतका समजूतदार की रात्री एकाच घरट्यात सात-आठ जण दाटीवाटीने झोपतात. दुसऱ्यांची पिल्लंसुद्धा वाढवतात. झेब्रा त्यामानाने खटपट्या. तो दुसऱ्यांची पिसं उपटून घरट्यात नेतो. म्हणून झेब्राची एकच जोडी ठेवा, नाहीतर तीन किंवा जास्त. दोनच जोड्या ठेवल्या की एक जोडी दुसरीच्या मागे लागते, हे मी तीन वेळा पाहिलं आहे.

दुसरी जमणारी जोडणी बजी आणि कॉकटेल. कॉकटेल आकाराने मोठा पण स्वभावाने भित्रा, त्यामुळे खाण्याच्या भांड्यावरून बजीच त्याला हुसकतात. जागा ऐसपैस असली आणि भांडी वेगवेगळ्या टोकांना ठेवली तर निभतं.

आणि लव्हबर्ड. आपल्याकडे बजीलाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा. तो स्वतःच्या जोडीशी प्रेमळ असतो आणि बाकी सगळ्यांना परका मानतो. सुरुवातीच्या काळात एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून मी लव्हबर्डची जोडी बजींमध्ये सोडली. चौथ्या दिवशी एका बजीच्या पायाची दोन बोटं गेली होती. तो बजी पुढे बरीच वर्षं जगला, पण दांडीवर कायम तिरका बसायचा. लव्हबर्डना स्वतंत्र पिंजरा द्या. शेजारी ठेवणार असाल तर दोन्ही पिंजऱ्यांमध्ये चार बोटं अंतर सोडा किंवा दुहेरी जाळी मारा, कारण जाळीला लटकलेल्या पक्ष्याची बोटं ते पलीकडूनही धरतात.

गोल्डियन फिंच देखणा आहे, पण महाग आणि नाजूक. पहिल्या वर्षी मोह आवरा. कॅनरी फिंचांत राहतो, फक्त दोन नर एकत्र नकोत.

नर-मादी ओळखायची सवय लावून घ्या, कारण एक मादी जास्त किंवा एक नर जास्त झाला की शांतता संपते. झेब्राच्या नराच्या गालावर नारिंगी ठिपका असतो. डायमंड डव्हच्या नराचं डोळ्याभोवतीचं लाल कडं जाड असतं, मादीचं बारीक. मोठ्या बजीत नराच्या चोचीवरचा भाग निळा, मादीचा तपकिरी. बंगालीत रंगावरून काहीच कळत नाही, जो गातो तो नर. गाणाऱ्याच्या पायात रंगीत कडं घालून ठेवा. पांढऱ्या आणि पिवळ्या जातींत या खुणा फसवतात, तिथे घाई करू नका.

तिसरी पायरी: जाळी आणि छप्पर

पक्षी आडवा उडतो. म्हणून उंच मनोऱ्यासारखा पिंजरा दिसायला छान असला तरी उपयोगाचा नाही, लांबी हवी. वर सांगितलेल्या फिंच-डव्हच्या कुटुंबाला 8 फूट लांब, 4 फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच एवढी जागा लागते. साडेसहा यासाठी की आत उभं राहून झाडता यावं. बजी-कॉकटेलसाठी लांबी 10-12 फूट धरा. एवढ्या जागेत किती पक्षी 'मावतात' हे मोजू नका, त्याच्या निम्म्यावर थांबा.

जाळी अर्धा इंची वेल्डमेश घ्या. कोंबड्यांची षटकोनी जाळी नको, तिच्यातून उंदीर आणि साप दोन्ही येतात. लहान उंदीर अर्ध्या इंचातूनही शिरू पाहतो, म्हणून खालचे दोन फूट पाव इंची जाळीचा आणखी एक थर मारा. नवीन जस्ताच्या जाळीवर पांढरी भुकटी आणि टोकांना जस्ताचे थेंब राहतात. बजी आणि कॉकटेल जाळी चावत वर चढतात, ते जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते. व्हिनेगर आणि ब्रशने जाळी घासा, पाण्याने धुवा आणि पक्षी सोडण्याआधी उन्हापावसात राहू द्या. सांगाडा लोखंडी अँगलचा करा. लाकडी चौकट कॉकटेल महिन्याभरात पोखरतो.

खाली मातीवर कॉलनी कधीच उभी करू नका. सहा इंचांचा कट्टा आणि वर कोबा, उताराची एक बाजू आणि पाणी जायला जाळी लावलेलं भोक. उंदीर खालून येतो, आणि तो फक्त अंडी-पिल्लं खातो असं नाही. रात्री जाळीवरून धावला तरी सगळे पक्षी अंधारात उधळतात आणि जाळीवर आपटतात.

दाराला दुसरं दार हवंच. आत एक छोटी पेटीसारखी जागा: बाहेरचं दार उघडायचं, आत शिरायचं, ते लावायचं, मग आतलं उघडायचं. ज्यांनी "जागा वाया जाते" म्हणून ते केलं नाही, त्यांचा एक तरी पक्षी उडालेला आहे.

तोंड पूर्वेला ठेवा, सकाळचं ऊन आत यावं. पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजू पूर्ण बंद, पत्रा किंवा भिंत. आपला पाऊस तिकडूनच झोडपतो. छपराचा निदान अर्धा भाग भक्कम पाहिजे. खरं तर मी पूर्ण छप्पर भक्कमच करा म्हणेन, त्यात एक-दोन पारदर्शक पत्रे घालून. कारण फक्त पाऊस नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला आणि जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्याला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला होता. कावळ्या-कबुतरांची शीट वरून आत पडत असेल तर असे रोग येण्याची वाट आपणच उघडी ठेवतो. उघडं छप्पर असलं की शिक्राही वर येऊन बसतो, आणि एकदा तो बसला की पक्षी दोन-दोन दिवस सावरत नाहीत.

चौथी पायरी: आतली मांडणी

दांड्या पेरूच्या, कडुनिंबाच्या, शेवग्याच्या. सालीसकट आणि वेगवेगळ्या जाडीच्या. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर बसून तळपायाला घट्टे पडतात. प्रत्येक पक्ष्याला सर्वांत वरची दांडी हवी असते. म्हणून दोन्ही टोकांना वरच्या उंचीवर एकसारख्या दोन-दोन दांड्या लावा, मधला भाग उडायला मोकळा सोडा. दांडीच्या खाली पाण्याचं किंवा दाण्याचं भांडं येता कामा नये.

दृष्टीआड जायला जागा हवी, आणि हे कोणी करत नाही. एका कोपऱ्यात खराट्याच्या काड्या किंवा बांबूची पानं असलेल्या फांद्या उभ्या बांधा. ज्याचा पाठलाग होतो तो त्यात शिरतो, मागे लागणाऱ्याला तो दिसेनासा होतो आणि प्रकरण तिथेच मिटतं.

खाण्याची भांडी निदान तीन ठिकाणी. फिंचांसाठी उंचावर टांगलेलं, डव्हसाठी जमिनीवर पसरट थाळी, तिसरं मधल्या उंचीवर दुसऱ्या टोकाला. एकच मोठं भांडं ठेवलं की दांडगा पक्षी त्याच्या काठावर ठाण मांडतो. पाण्याच्याही दोन जागा हव्यात. आंघोळीचं पाणी इंचभरापेक्षा खोल नको, फिंच बुडतो.

दाणे म्हणजे राळा (दुकानात कांग म्हणून मागा), बाजरी, थोडी नाचणी, मिळालं तर कॅनरी सीड. सूर्यफूल बजी-कॉकटेलला चिमूटभर, रोज नाही. फिंच आणि बजी दाणा सोलून खातात आणि फोलपट भांड्यातच टाकतात. वरून बघितलं तर भांडं भरलेलं दिसतं आणि खाली एक दाणा नसतो. फिंचसारखा एवढासा जीव एक दिवसही उपाशी काढू शकत नाही. रोज सकाळी भांडं हातात घेऊन फुंकर मारा, मग ठरवा किती उरलंय. डव्ह दाणा अख्खा गिळतो, त्याला दळायला बारीक खडे लागतात, ते वेगळ्या वाटीत ठेवा. कॅल्शियमसाठी समुद्रफेस सगळ्यांना चालतो. काष्ठौषधींच्या दुकानात तो स्वस्त मिळतो. फक्त उकळून, वाळवून द्या. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, पालक धुऊन टांगा. उकडलेलं अंडं आठवड्यातून दोनदा, पण दोन तासांत उचला. अव्होकाडो, चॉकलेट आणि खारवलेलं काहीही नको.

मडकी आणि घरटी पहिले तीन महिने लावूच नका. बहुतेकांना हे पटत नाही, पिल्लांची घाई असते. पण घरटं आलं की हद्द आली, आणि नुकतेच एकत्र आलेले पक्षी हद्दीवरूनच भांडतात. ते एकमेकांना ओळखू लागले की मग लावा, जोड्यांच्या दुप्पट, सगळी एकाच उंचीवर आणि एकमेकांपासून लांब. डव्हला उथळ टोपली द्या, वर आडोसा करून. माझ्याकडे आडोसे वाढवल्यावर तीच डव्हची मादी पुढच्या खेपेला निवांत बसली, तेराव्या दिवशी पिल्लं बाहेर आली. काथ्या दोन-अडीच इंचांचे तुकडे करूनच द्या, लांब धागा पायात गुंततो.

पाचवी पायरी: चाळीस दिवस वेगळे

नवा पक्षी थेट कॉलनीत सोडायचा नाही. वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, चाळीस दिवस. आधी जुन्या पक्ष्यांचं सगळं आटपा, मग नव्यांकडे जा, हात धुवा. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर छोटी डबी ठेवून आठवड्याला वजन घ्या. आजारी पक्षी शेवटपर्यंत आजार लपवतो, वजन मात्र आधी सांगतं. फिंच श्वास घेताना टिक-टिक असा बारीक आवाज करत असेल किंवा शेपटी श्वासाबरोबर वरखाली होत असेल तर श्वसनमार्गातल्या माइटची (अगदी बारीक किड्यांची) शक्यता असते. डव्ह आणि बजीच्या घशात ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म परजीवी असू शकतो, तो पाण्याच्या भांड्यातून पसरतो. पक्ष्यांची माहिती असलेले पशुवैद्य आधीच शोधून ठेवा आणि या काळात एकदा विष्ठा तपासून घ्या.

पोपटवर्गाकडून माणसालाही एक आजार होऊ शकतो, सिटॅकोसिस. घरात कोणाला ताप आणि कोरडा खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना पक्षी पाळतो हे आपणहून सांगा. झाडताना आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क लावा.

सहावी पायरी: सोडण्याचा दिवस

जमलं तर सगळे पक्षी एकाच दिवशी सोडा, म्हणजे जागा कोणाचीच नसते. तसं शक्य नसेल तर भित्रे आधी, दांडगे शेवटी. आधी नव्यांचा पिंजरा आठवडाभर कॉलनीच्या आतच ठेवा, जाळीतून ओळख होऊ द्या. मग सकाळी दार उघडा. संध्याकाळी कधीच नाही. अंधार पडण्याआधी त्यांना पाणी, दाणा आणि झोपायची दांडी सापडलेली असली पाहिजे.

त्या दिवशी सुट्टी काढा आणि समोर बसा. थोडी उडवाउडवी, चोच उघडून दम देणं, हे चालायचंच. एकाच पक्ष्याचा सतत पाठलाग, मानेमागची पिसं उपटलेली, कोणी जमिनीवर कोपऱ्यात फुगून बसलेलं, कोणी भांड्यापर्यंत पोहोचतच नाही, यातलं काहीही दिसलं तर बाहेर काढा. ज्याला त्रास होतो त्याच्याऐवजी जो त्रास देतो त्याला काढा. दोन आठवडे वेगळा ठेवून परत सोडला की तो नवखा ठरतो आणि बरेचदा नरमतो. पुन्हा तेच केलं तर त्याला दुसरं घर शोधून द्या.

सातवी पायरी: वर्षभराची काळजी

पावसाळ्यात दाण्यांना बुरशी धरते. पोतं न आणता पंधरा दिवसांपुरतेच दाणे आणा, घट्ट डब्यात ठेवा, कुबट वास आला तर फेकून द्या. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात शेडनेट आणि दुपारी फवारा हवाच. पक्षी चोच उघडून, पंख अंगापासून लांब धरून बसले की त्यांना उन्हाचा त्रास होतोय. दिवाळीत फटाक्यांनी कॉकटेल फार घाबरतात, रात्री उधळून रक्तबंबाळ होतात. रात्रभर एक झिरोचा दिवा चालू ठेवा आणि रस्त्याकडची बाजू जाड चादरीने झाका. मच्छर कॉइल, उदबत्तीचा धूर आणि नॉनस्टिक भांडं जळाल्याचा वास पक्ष्यांना सोसत नाही. कॉलनी स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ असेल तर हे विशेष जपा.

आणि रोज दिवेलागणीच्या आधी दहा मिनिटं कॉलनीपुढे उभं राहून पक्षी मोजा. त्या वेळी प्रत्येक जण आपापल्या दांडीवर येतो. रोज वरच्या दांडीवर बसणारा आज खाली एकटा बसलाय, जोडीतली एक दिसत नाही, हे त्या दहा मिनिटांत कळतं. एक कमी भरला तर आधी घरट्यांत बघा, मग फांद्यांच्या आडोशात, मग पाण्याच्या भांड्यामागे. टॉर्चचा झोत पक्ष्यांवर न मारता जमिनीवर मारा.